खळ आणि पिंपळपान

पत्रिका छापून घरी आल्या आणि पाचव्या दिवशी लग्न मोडलं. चारशे पत्रिका. गठ्ठ्याला अजून छापखान्याचा वास येत होता.

लग्न मोडलं ते आमच्या शुभांगीने. ती केडगावात शाळेत शिकवते. मुलगा संगमनेरचा, प्रशांत नावाचा, एका डेअरीत कारकून. साखरपुड्याला पेढे खाताना गप्प होता, पत्रिका छापून झाल्यावर त्याला वाचा फुटली. म्हणाला, "लग्नानंतर नोकरी सोडावी लागेल. आमच्या आईला सुनेच्या हातची गरम भाकरी लागते."

शुभी म्हणाली, "मग परातीशीच लग्न लावून घ्या तुमचं."

झालं. एका वाक्यात मोकळी झाली पोरगी. तिच्या बापाने, सोपानरावांनी, दोन दिवस छताकडे पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी कंपनीत ड्युटीला गेले. राहिले मी. मी गल्लीत सांगितलं, "लग्न पुढे ढकललंय. मुलाच्या आजीची तब्येत बरी नाही."

ती आजी चार वर्षांपूर्वीच वारली होती. तिची तब्येत आणखी बिघडायची काही भीती नव्हती.

"आई," शुभी म्हणाली, "मेलेल्या बाईला किती दिवस आजारी ठेवणार आहेस? मी लग्न मोडलंय, चोरी केलेली नाही. एकदा सरळ सांग ना."

"सांगते गं. योग्य वेळ आली की सांगते."

योग्य वेळ आमच्याकडे नळाच्या पाण्यासारखी येते. येणार येणार म्हणतात, आणि आली की आपण नेमके बाहेर असतो. तोवर शुभीला शाळेच्या वाटेवर रोज कुणीतरी थांबवून विचारायचं, "मग, आजी कशा आहेत?" ती म्हणायची, "आईला विचारा." आणि मी पदर सावरून आजीला थोडा ताप चढवायचे.

आता प्रश्न पत्रिकांचा. बंबात घालाव्या, तर वर बुद्धांचा फोटो, शेजारी बाबासाहेबांचा. हात धजेना. रद्दीवाल्याला द्याव्या, तर उद्या भेळवाल्याच्या गाडीवर माझ्या पोरीचं नाव तिखट चटणीत भिजणार. ट्रंकेत ठेवल्या, तर ट्रंक उघडली की त्याच समोर. नको असलेला पाहुणा निदान जेवून जातो तरी. या जाईनात.

एप्रिल तोंडावर आला होता. शुभेच्छापत्रं बघायला म्हणून बाजारातल्या दुकानात गेले. दिवाळीची होती, ईदची होती, नाताळची तर बर्फासकट होती, आणि नगरला बर्फ म्हणजे गोळेवाल्याचा. मैत्रीण रुसली तर तिच्यासाठीही होतं. "चौदा एप्रिलचं काही आहे का? बुद्धपौर्णिमेचं?" मी विचारलं. दुकानदाराने सगळा फिरता स्टँड गरगर फिरवला आणि शेवटी एक पुढे केलं: 'लवकर बरे व्हा.'

घरी येऊन मी ट्रंक उघडली. जाड, गुळगुळीत, साईच्या रंगाचा कागद. पुढच्या पानावर दोन्ही फोटो आधीच छापलेले. आत फक्त तो मजकूर तेवढा झाकायचा. मजकूर झाकणं मला जमत होतंच. महिनाभर तेच करत होते.

रबरी शिक्के करणारे नूरमहंमदभाई आमच्या ओळखीचे. त्यांचं दुकान म्हणजे कपाटाएवढं, पण अर्ध्या जिल्ह्याचे 'मंजूर' आणि 'नामंजूर' तिथूनच निघायचे. त्यांच्याकडून रबराचे उरलेले तुकडे आणि एक जुनं शाईचं पॅड आणलं. ब्लेडने पिंपळाचं पान कोरलं. पहिलं पान वांग्यासारखं आलं, दुसरं बदामासारखं. तिसरं घेऊन त्यांना दाखवायला गेले.

"पान चांगलं आहे भाभी, पण तुम्ही शिक्का दाबता," ते म्हणाले. "दाबायचा नसतो, ठेवायचा असतो. कचेरीतले लोक दाबतात. त्यांना पगार मिळतो."

ठेवायला शिकले. हिरवं पान, त्यावर थोडं सरकवून निळं पान, कडेने बारीक ठिपक्यांची ओळ. ठिपके पेन्सिलीच्या मागच्या खोडरबराचे. ड्रॉइंगचा पांढरा कागद मापात कापायचा, त्यावर पानं उठवायची, आणि तो मैद्याच्या खळीने मजकुरावर चिकटवायचा. शुभी सुरुवातीला लांबून बघायची. मग तिच्याच्याने राहवेना.

"कडा वाकड्या कापतेस, आई."

"मग तू काप."

ती कापायला बसली. स्वतःच्या नावावर कागद बसवून तळव्याने नीट दाबताना म्हणाली, "बघ हं, मी गेले खाली. आता तिथूनच ओरडेन." मी हसले. तेव्हा हसायला नको होतं.

चौदा एप्रिलला गल्लीत सगळ्यांना कार्डं दिली. बाहेरगावच्या नातेवाइकांना पोस्टाने पाठवली. बायका म्हणाल्या, "तुमच्या हाताला काय कला आहे हो!" मी म्हटलं, "कसली कला, वेळ जात नाही म्हणून." कौतुक होताना कसं खोटं बोलायचं हे कुणालाही शिकवावं लागत नाही.

मग मे उजाडला. आमच्याकडचा मे म्हणजे पापड उन्हात घालून आत यावं, तेवढ्यात पापड वाळून कडांनी वर वळतात. माझ्या ध्यानातच आलं नाही की खळही पिठाचीच आहे.

बारा मेच्या रविवारी, म्हणजे पत्रिकेतल्या तारखेला, सकाळीच दाराशी हाक आली. "वैनी, हायेत का घरात? मांडव कुटंय?"

लंकाबाई. ह्यांच्या चुलत बहीण, नेवाशाकडच्या. नवं लुगडं, केसांत अबोली, हातात पिशवी.

"या, या वन्सं. मांडव कसला?"

"लग्नाचा! न्हाई तर कशाला आले येवड्या उन्हाची?" त्यांनी पिशवीतून माझंच कार्ड काढलं. पिंपळपानांचा कागद चारी कोपऱ्यांनी सुटून खारकेसारखा आक्रसला होता, आणि खाली जांभळ्या अक्षरांत सगळं लख्ख: आयु. शुभांगी आणि आयु. प्रशांत यांचा मंगल परिणय. "आदी मला वाटलं, नुस्तं जयंतीचं कार्ड हाय. मग भिताडावर लावलं तर आतून पत्रिका निगाली. म्हनलं, आता अशी लपवून धाडायची फ्यॅशन आली आसंल."

शुभी आतून आली. शाळेला सुट्टी होती. ओल्या हातांनी उंबऱ्यात उभी राहिली. माझ्याकडे बघत राहिली.

मी तोंड उघडलं. "अहो, त्याचं काय झालं वन्सं, मुलाच्या आजीची—"

"आजी आसू दे," लंकाबाई म्हणाल्या, "आदी आहेर बगा." आणि पिशवीतून मोठं स्टीलचं पातेलं काढून माझ्या हातात दिलं. झाकणासकट. पातेल्याच्या पोटावर टिंबाटिंबांनी कोरलेलं: 'शुभांगी व प्रशांत यांस लंकाआत्याकडून सप्रेम.' खाली आजची तारीख.

मी ते दोन्ही हातांत धरून उभी. स्टीलवर खळ चिकटत नाही. कुठलाच कागद बसत नाही त्यावर.

"आजी नाही आजारी," मी म्हटलं. "ती कधीच गेली. लग्न पुढे ढकललेलंही नाही. मोडलंय. शुभीने मोडलंय. तो म्हणाला नोकरी सोड, ही म्हणाली तुलाच सोडलं." आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. समोरच्या गच्चीवर कुरडया घालणारा हात थांबला. थांबू दे म्हटलं. "आणि बरं केलं तिने. मीच दोन महिने तोंड लपवत फिरत होते."

लंकाबाई उंबऱ्यावरच टेकल्या. पदराने वारा घेतला. शुभीला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"व्हय गं? तूच मोडलंस?"

"हो, आत्या."

"मग तसं कार्डावर छापायचं की! माझं यष्टीचं भाडं वाचलं आसतं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आन वैनी, खळीत तुरटी घातली न्हाई का तुमी? बिनतुरटीची खळ उन्हात ऱ्हातीया व्हय कुटं? येवडं शिकल्याली मान्सं तुमी."

शुभी एवढी हसली की तिला भिंत धरावी लागली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. मीही हसले, पण माझ्या डोळ्यांतून नको ते यायला लागलं, म्हणून पातेलं घेऊन आत गेले.

"आत्या, पातेलं परत न्या," शुभी बाहेर म्हणत होती. "लग्नच नाही तर आहेर कसला?"

"न्हेते कशाला? त्यावर माझं नाव हाय, तुजं हाय. मदी येक जास्तीचं पडलंय, त्याला मी काय करू? घास रोज राखंनं."

बुद्धपौर्णिमेची कार्डं त्या वर्षी राहूनच गेली. पण पुढच्या वर्षी त्या फिरत्या स्टँडवाल्याने स्वतः निरोप पाठवून कार्डं मागितली. साध्या कोऱ्या कागदावर केली, आत झाकायला काहीच नव्हतं. खळ त्या पातेल्यातच शिजवली, चिमूटभर तुरटी घालून. ते मधलं नाव अजून वाचता येतं. पातेलं घासायची पाळी शुभीची असली की ती त्या बाजूला जरा जास्त वेळ लावते, एवढंच.