तलवाड्याचा नंबर

आसारामनं बूथचं काचेचं दार मुद्दाम अर्धं उघडं ठेवलं आणि रिसिव्हर कानाला लावून तो रुद्राणीकडं तोंड करून उभा राहिला.

"सुंदरबाई, नीट ऐक," तो मोठ्यानं म्हणाला. "उज्ज्वलाला जामखेडकडं दुसरं स्थळ बघितलंय. पोरगा कंडक्टर हाय. पर पक्कं झाल्याबिगर कुणापाशी बोलू नगं."

पलीकडं तलवाड्यात, पिठाच्या गिरणीतल्या फोनवर, त्याची बहीण गोंधळून काहीतरी विचारू लागली. "ठिवतो," म्हणून त्यानं फोन ठेवला.

जामखेडकडं असं कुठलंही स्थळ नव्हतं.

रुद्राणी उंच बाजेवर बसून सुपात मूग निवडत होती. दोन्ही पाय लहानपणीच पोलिओनं वाळलेले, लुगड्याखाली दुमडून घेतलेले. कपाळावर विभूतीचं बोट. आसाराम तिच्या हातांकडं बघत होता. जामखेडचं नाव निघालं तेव्हा बोटं थांबली का? थांबली नाहीत. एक खडा निघाला, तो तिनं बाजूला टाकला.

"पावती घ्या, काका," ती म्हणाली.

पावती न घेताच तो पायरी उतरला.

दहा दिवसांपूर्वी त्याच्या लेकीची, उज्ज्वलाची, ठरलेली सोयरीक मोडली होती. मध्यस्थ बिभीषण पाटोद्याहून निरोप घेऊन आला आणि अंगणात उभ्यानंच बोलला. "पावणे म्हणतेत, नवरीचा भाऊ मुका हाय ते सांगितलं न्हाई. आन् वर त्याला तलवाड्याला दडवून ठिवलाय."

धुळाजी, आसारामचा थोरला, सव्वीस वर्षांचा होता. जन्मापासून त्याला ऐकू येत नव्हतं. गावात, उमापुरात, तो सगळ्यांना माहीत होता. पण गावच्या लेकीच्या लग्नात गाव तोंड उघडत नाही, असा आसारामचा विश्वास होता. शिवाय गावाला त्यानं सांगितलं होतं की धुळाजी दरसालाप्रमाणे मेंढरं घेऊन गोदाकाठाला गेलाय. तलवाडा हे नाव घराबाहेर एकदाच पडलं होतं. भर दुपारी, बूथमध्ये दुसरं कुणी नसताना. "लगीन हुईस्तवर मुक्याला तिकडंच ठिव," तो सुंदरबाईला म्हणाला होता. लाइन खरखरत होती, आवाज चढवावा लागला होता. आणि तीन हातांवर रुद्राणी बसली होती.

स्टँडवरच्या हॉटेलात त्यानं हे सांगितलं तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही.

"तिला दुसरं काम काय?" माजी सरपंच आप्पाराव म्हणाला. "बसून ऐकायचं. सोताचं लगीन व्हायचं न्हाई, मंग दुसऱ्याचं कावून हू दील?"

रुद्राणीला बूथ अपंगांच्या कोट्यातून मिळाला होता. तिचे चुलते ईश्वरप्पा यांच्या किराणा दुकानाच्या कोपऱ्यात तो सुरू झाला, तेव्हापासून आप्पारावच्या पुतण्याचा त्यावर डोळा होता, हेही हॉटेलात सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या दिवशी ते कुणी बोललं नाही. 'बूथ धडधाकट माणसाकडं द्यावा' असा अर्ज बीडला पाठवायचं ठरलं. ज्याचं नुकसान झालं त्यानंच अर्ज करावा, म्हणजे वजन पडेल, असं आप्पाराव म्हणाला.

त्या आठवड्यात बायका पदरानं तोंड झाकून फोनवर बोलू लागल्या. काही जण गाडी धरून गेवराईला जाऊन फोन करू लागले.

जामखेडच्या स्थळाची मात्र कुठंच वाच्यता झाली नाही. आसारामनं न्हाव्याकडं कान दिला, बाजारात दिला, पाणवठ्यावर बायकोला, बायडाबाईला, विचारायला लावलं. कुणालाच काही माहीत नव्हतं.

"वळखलं तिनं," तो तिला म्हणाला. "लई हुशार हाय पोरगी."

शेवटी तो सरळ तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"मी हितं बोललो ते पाटोद्याच्या पावण्यांला कसं कळलं?"

रुद्राणीनं सूप बाजूला ठेवलं. "माझ्या तोंडून न्हाई गेलं, काका."

"तू ऐकलं का न्हाई?"

"ऐकलं. तुमी वरडत होता. कान मिटता येत न्हाईत."

"मंग दुसऱ्या कुणी सांगितलं?"

ती काही बोलणार होती. मग काचेच्या खोलीकडं बघून गप्प बसली.

"म्हंजी ठाऊक हाय तुला."

"हितं बोललेलं मी हितंच ठिवते. तुमचं बी, दुसऱ्याचं बी."

गल्ल्यामागून ईश्वरप्पा उठून आले. "रुद्राणी, काय असंल ते सांगून टाक. बूथ जाईल हातचा. किती खेटे घातले आपण बीडला, इसरलीस का?"

"न्हाई इसरले, अप्पा," ती म्हणाली आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

ही कबुलीच आहे, असं आसारामला वाटलं. चोर असल्याबिगर माणूस इतका गप्प बसत नाही.

घरी आल्या आल्या त्यानं उज्ज्वलाला वही-पेन काढायला लावलं. ती दहावीपर्यंत शिकलेली. घरात लिहिणारी तेवढीच.

"लिही. सदर बूथ अपंग मुलगी चालवते. ती लोकांचं बोलणं चोरून ऐकते आन् भाईर सांगते. तिच्यामुळं माझ्या लेकीचं लगीन मोडलं."

पेन थोडं चाललं आणि थांबलं.

"झालं? वाच बरं."

"'सदर बूथ अपंग मुलगी चालवते,'" उज्ज्वलानं वाचलं. "एवढंच लिहिलंय, आबा. म्होरचं खोटं हाय."

"तुला काय ठाऊक?"

"पाटोद्याला फोन मी केलता."

चुलीपुढं बायडाबाईचा हात भाकरीवर तसाच राहिला. "येडी झालीस का गं?"

उज्ज्वला वहीकडं बघत बोलत राहिली. नवरा मुलगा, सोमनाथ, पाटोद्याच्या बाजारात औषधांच्या दुकानात कामाला होता. तिथं फोन होता. सुपारीच्या दिवशी त्यानंच नंबर दिला होता.

"मी म्हणलं, मला थोरला भाऊ हाय. त्याला ऐकू येत न्हाई, म्हणून तलवाड्याला आत्याकडं ठिवलाय. मला हे पसंत न्हाई. मांडवात तुमचा कान पिळायला माझा दादाच असंल. चालत असंल तर या."

"आन् त्यो काय म्हणाला?"

"घरी इचारून सांगतो म्हणाला."

घरी काय ठरलं ते बिभीषण सांगून गेलाच होता. आसारामचा हात वर गेला, तसाच अधांतरी राहिला, मग मांडीवर येऊन पडला. भाकर करपल्याचा वास आला तेव्हा बायडाबाईनं ती उलटली.

"ती पांगळी तवा तिथंच होती?" त्यानं विचारलं.

"समोर बसलीती. मी फोन ठिवला आन् तिथंच खाली बसले. तिनं तांब्याभर पाणी दिलं. बोलली कायबी न्हाई."

"इतक्या दिसांत तू कावून बोलली न्हाईस? गाव तिला काय काय म्हणतंय..."

"भ्याले." उज्ज्वलानं पहिल्यांदा मान वर केली. "रोज वाटायचं, आज ती माझं नाव सांगून टाकील. तुमी तिथून आला की तुमच्या तोंडाकडं बघायची मी."

सकाळी आसाराम हॉटेलात गेला. आप्पारावनं अर्जासाठी हात पुढं केला.

"अर्ज न्हाई," आसाराम म्हणाला. "माझ्या घरातनंच गेलतं ते. त्या पोरीचा कायबी कसूर न्हाई."

"तिनं रडून दाखवलं व्हय बे?" आप्पाराव हसला. "तुझा न्हाई तर दुसऱ्याचा अंगठा घिऊ."

"घ्या. मंग मी बी बीडला येतो. कुणी फोन केला, कावून केला, समदं सांगतो सायबाला."

लेकीचं नाव चारचौघांत घ्यावं लागेल, हे बोलून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं. दोघांनी चहाचे कप खाली ठेवले. बाकीच्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्यांना ते पटलं की नाही, चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

बूथच्या पायरीशी तो थांबला. आत कुणी नव्हतं. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं.

"तलवाडा लावू का, काका?" रुद्राणीनं विचारलं.

"नगं," तो म्हणाला. "सोताच चाललो. त्याला आणाया."

तिनं मान हलवली. तो गाडी गाठायला निघाला.

गेवराईला गाडी बदलून तलवाड्याला पोचेपर्यंत दुपार झाली. सुंदरबाईच्या वाड्यामागच्या काट्यांच्या कुपाटीत धुळाजी एका कोकराच्या पायातला काटा काढत होता. बाप दिसताच त्यानं कोकरू सोडलं, धोतराला हात पुसले, पळत आला आणि पाया पडला. आसारामनं उमापूरच्या दिशेला हात करून 'चल' म्हणून खुणावलं. धुळाजी आत गेला, खुंटीवरची घोंगडी खांद्यावर टाकून, गठुडं काखेत मारून बाहेर आला.

उंबऱ्यात थांबून त्यानं गठुडं खाली ठेवलं. दोन्ही हातांची बोटं कपाळावरून कानांकडं नेली, मुंडावळ्या बांधतात तशी, आणि भुवया उंचावून बापाकडं बघितलं. लगीन झालं?

आसाराम त्या हातांकडं बघत राहिला. निघताना त्याला उज्ज्वलाकरवी, आत्याच्या मेंढरांना रोग आलाय, एवढंच खुणेनं सांगितलं होतं. लग्नाचं कुणीच काही सांगितलं नव्हतं.

त्यानं नकारार्थी मान हलवली.

धुळाजीनं समजल्यासारखी मान डोलावली. खांद्यावरची घोंगडी काढून त्यानं ओट्यावर अंथरली. स्वतःच्या छातीवर हात ठेवला, मग ओट्यावर थोपटलं आणि बापाच्या दंडाला हलकेच हात लावला. लगीन हुईस्तवर राहतो मी. काळजी नको.

"चहा ठिवू का, दादा?" सुंदरबाईनं आतून विचारलं. "का लगेच निघताय?"

आसारामनं धुळाजीला काहीतरी सांगण्यासाठी दोन्ही हात वर केले. हातांनी बोलणं घरात उज्ज्वलालाच येत होतं. त्याला 'चल', 'थांब', 'पाणी' एवढंच जमायचं. हात थोडा वेळ तसेच राहिले. धुळाजी मन लावून त्यांच्याकडं बघत होता.