दंडाचा नारळ

“चालू खेळातनं पोऱ्याला घरी धाडायचा म्हंजे गावाची इज्जत घालवायची,” कोंडूकाका म्हणाले. “ते लाल कार्ड आपल्याकडं नको.”

शेणवे गावात, गावदेवीपुढच्या ओट्यावर फुटबॉल कमिटी बसली होती. दिवाळी सरली होती, भात कापून शेतं मोकळी झाली होती आणि दुपारी त्याच शेतात फायनल होती. महेंद्र तेवढा खुर्चीत बसला होता, कारण रेफ्रीला खुर्ची द्यायची अशी गावाची रीत. एरवी तो वीज मंडळातला वायरमन, राहायला बुद्धवाडीत. त्याचा बाप जन्मभर या ओट्याच्या खाली उभा राहूनच बोलला. पोराला मात्र कल्याणला ट्रेनिंगच्या दिवसांत शिकलेल्या खेळानं आणि गळ्यातल्या शिट्टीनं वर आणून बसवलं होतं. महेंद्रला ती खुर्ची आवडायची, आणि त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

“काका, काल सेमीत साईनाथनं मागनं दोन्ही पाय घातले,” तो म्हणाला. “समोरनं आला तर माणूस पाय काढून घेतो. मागनं येणारा दिसत नाय. म्हणून तर जगभर त्याला सरळ बाहेर काढतात.”

“मी काय कमी घोटे धरले? कुणाचा मोडला, सांग.”

सगळी गोम इथंच होती. गाव मूळचं कबड्डीचं आणि कोंडूकाकांची घोट्याची पकड तालुक्यात नावाजलेली. फुटबॉल येऊन बरीच वर्षं झाली, तरी गोलापेक्षा कुणाला कसा आडवा केला यालाच टाळ्या जास्त. साईनाथ काकांचाच मुलगा. बापाच्या हातातली पकड त्याच्या पायांत उतरली होती, आणि पायांत खिळ्यांचे बूट होते.

“तुमी हातानं धरायचे काका, नि तो धरून घ्यायलाच यायचा. हितं धावत्या माणसाच्या घोट्यावर बूट बसतो.”

समोरच्या संघाचा, म्हणजे डोळखांबकडच्या पाड्याचा कप्तान धाऊ ओट्याच्या कडेला बसला होता. महेंद्रला वाटलं, हा तरी आपल्या बाजूनं बोलेल. धाऊ म्हणाला, “आमाला काय पन चालंल. खेळ आजच झाला पायजे. उद्या सकाळी आमाला न्यायला भट्टीवाल्या शेठचा ट्रक येतोय.”

“आणि पुढं खेळणाऱ्या तुमच्या बुधूचा पाय गेला तर?”

वीटभट्टीवर एकटा माणूस नव्हे, नवरा-बायकोची जोडी लागते. एकट्या बाईला शेठ ट्रकमध्ये चढू देत नाही. बुधूचा पाय गेला तर बुधू आणि त्याची बायको बारकी, दोघांचाही पावसाळ्यापर्यंतचा भात जाणार होता. हे ओट्यावरच्या सगळ्यांनाच ठाऊक होतं, पण फायनलच्या दिवशी असलं कुणाला आठवतं?

शेवटी तोडगा काकांनीच काढला. “गावात चुकतो त्याला काय करतो आपण? देवीला नारळ. लाल कार्डाच्या जागी नारळ घ्यायचा, नि खेळ चालू.”

सगळ्यांना ते एकदम पटलं. देवीलाही मान आणि पोरगंही मैदानात. सगळे महेंद्रकडे बघू लागले. त्याला पटलं नव्हतं. तरी त्यानं मान हलवली.

खेळ सुरू झाल्यावर थोड्याच वेळात साईनाथनं पहिला माणूस लोळवला. शिट्टी वाजली, नारळ आला, बांधावर फुटला आणि खोबरं वाटलं गेलं. ज्यानं दंड भरला त्यालाही प्रसाद मिळाला. दुसऱ्या वेळी साईनाथ स्वतःच हसत नारळ घेऊन आला. मध्यंतरात कुणीतरी दुकानातून नारळांचं पोतंच आणून बांधाला टेकवलं. लोक मजेत होते. पाड्याची पोरं आता चेंडू मिळाला की आधी मागं वळून बघत होती.

एकटा बुधू तेवढा मागं बघत नव्हता. दोन्हीकडे एक-एक गोल असताना तो अनवाणी पायांनी, धसकटं तुडवत चेंडू घेऊन सुटला. साईनाथ त्याच्या मागं लागला. महेंद्र धावता धावता बांधाकडे वळून पाहतो तर तिथल्या माणसानं नारळ आधीच उचलून धरलेला. अजून टॅकल झालाही नव्हता.

साईनाथनं अंग झोकून दिलं. बुधूनं कशी कोण जाणे, उडी घेतली. बूट घोट्याऐवजी पोटरीला घासून गेला. बुधू कोसळला, पोटरीवरून रक्त ओघळलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

महेंद्रनं खिशातून लाल कार्ड काढलं. “साईनाथ, बाहेर.”

“नारळ आनलाय ना.”

“नारळ नको. बाहेर जा.”

कोंडूकाका धोतर सावरत मैदानात आले. “महेंद्र, काय ठरला व्हता आपला?”

“ठरलं होतं, काका. मी मान हलवली ते चुकलं माझं. तो पाय मोडणार नि आपण खोबरं खाणार, हे माझ्याच्यानं होयाचं नाय.”

“मंग शिट्टी दे हिकडं.”

महेंद्रनं गळ्यातली दोरी काढली आणि शिट्टी काकांच्या हातावर ठेवली. ओट्याखाली उभा राहणारा बाप त्याला आठवला. दुसरं कुणाला शिट्टी मारता येत नव्हती. खेळ तिथंच थांबला.

सगळ्यांत जास्त चिडला तो बुधू. रक्त पुसत तो लंगडत आला. “वायरमन, मी गोल मारनारच व्हतो. तुमाला कुनी सांगितलाता?”

न मोडलेला पाय दाखवायचा तरी कसा?

त्यानंतर त्याला ओट्यावर कुणी बोलावलं नाही. पुढच्या साली बाहेरून रेफ्री आणला आणि खुर्ची त्याला दिली. नारळ मात्र पुन्हा कुणी काढला नाही.

पण ते पुढचं. दुसऱ्या दिवशी सकाळी महेंद्र नाक्यावरच्या खांबावर फ्यूज बसवत होता, तेव्हा भट्टीचा ट्रक खाली येऊन थांबला. हंडे, गोधड्या, कोंबड्या वर गेल्या. बुधूनं खांबावरच्या माणसाला ओळखलं आणि तोंड फिरवलं. पोटरीला फडकं बांधलेलं होतं. त्यानं एक पाय टायरवर रोवला, दुसरा फाळक्यावर टाकला आणि वर चढून बारकीला हात दिला.