पुढच्या चाकांचा जावई, मागच्या चाकांचा जावई

थोरल्या जावयाने धाकट्याचं नाक फोडलं ते गाडीच्या पुढच्या चाकांपायी, आणि धाकट्याने थोरल्याचे दोन दात पाडले ते मागच्या चाकांपायी. खोटं सांगत असेन तर माझी जीभ झडो. ती आजवर बऱ्याचदा झडायला हवी होती, अजून शाबूत आहे, यावरूनच काय ते ओळखा.

आमच्या गल्लीच्या टोकाला सासूबाईंचं गॅरेज. सासूबाई त्या दोघांच्या, पण अख्खी गल्ली त्यांना सासूबाईच म्हणे, कारण त्या सगळ्यांशीच तशा वागत. लोखंडी खांबांवर पत्र्याचं छप्पर, जमिनीत एक खड्डा. त्यात उतरून गाडीचं पोट उघडायचं. दोघे साडू तिथेच मिस्त्री. दोघांकडे एकाच कंपनीची ती ठेंगणी, फुगीर, महागडी क्रॉसओव्हर, अपघातातली उचलून स्वतःच्या हाताने उभी केलेली. तोंडं सारखी, स्वभाव उलटे. धाकट्याची आधीच्या घडणीची, इंजिन उभं, जोर मागच्या चाकांना. थोरल्याची नंतरची, इंजिन आडवं, जोर पुढच्या चाकांना. म्हणून थोरला ओढ्या आणि धाकटा ढकल्या. बायकासुद्धा याच नावांनी हाका मारत.

सासूबाईंचे गुडघे गेले, तशी त्यांनी एका दुपारी गॅरेजची किल्ली टेबलावर आपटली. "जो गॅरेज पुढे नेईल त्याचं. दुसऱ्याने आपली हत्यारांची पेटी उचलायची आणि चालू पडायचं."

दोघांचेही चेहरे उतरले. दुसरीकडे कुठे काम मिळणार? दोघांच्या रागाची कीर्ती शहरभर होती.

"पुढे म्हणालात ना?" ओढ्या म्हणाला. "मग संपलं. पुढून ओढणारा मी."

"पुढे न्यायला मागून रेटा लागतो, साडूभाऊ. तुमच्या पुढच्या चाकांनी वळायचंही आणि ओढायचंही. एकट्या सुनेवर सगळं घर टाकल्यासारखं!"

"आणि तुझ्या गाडीत मधोमध मागच्या चाकांच्या दांड्याचा तो बोगदा. मागे बसायचं तर पाय घरी ठेवून यावं लागतं. वर ओल्या रस्त्यावर ढुंगण हलवत चालते."

"ढुंगण कुणाचं म्हणालात?"

"गाडीचं म्हणालो. तुला कुणाचं आठवलं?"

ढकल्याने हातातला पाना फेकला. तो ओढ्याच्या कानाला चाटून बॅटरीत घुसला. ओढ्याने उत्तरादाखल डोकं खाली घालून थेट नाकावर धडक दिली, आणि रक्त असं उडालं की मागची भिंत रंगवायची राहिली होती ते काम झालं. मग जॅकचा दांडा, सायलेन्सर, कुणाचा तरी नवाकोरा बंपर, जे हाताला लागेल ते. ओढ्याचे दोन दात उडून ग्रीसच्या डब्यात पडले. धाकट्याची बायको दारातून ओरडली, "अहो, डोळे तेवढे सोडा, कामाला लागतात!"

शेवटी सासूबाईंनी दोघांवर पाण्याचा पाइप सोडला. "माणसं काय फोडताय? गाड्या जुंपा!"

गाड्या पाठीला पाठ लावून उभ्या केल्या. मध्ये इंजिन उचलायची साखळी. आता या गॅरेजची एक रीत होती. साखळी अडकवायची तर आधी मधल्या खांबाला एक वेढा द्यायचा, म्हणजे वजन सटकत नाही. ओढ्याने रक्त थुंकत थुंकत साखळी अडकवली आणि सवयीने वेढाही दिला. ढकल्याने सवयीनेच तो ओढून तपासला. खांब आज कशाला हवा, हे दोघांनाही सुचलं नाही.

मग काय विचारता! ताण बसताच वजन मागे गेलं. ढकल्याच्या मागच्या चाकांनी जमीन धरली, तर ओढ्याच्या गाडीचं नाक वर उचललं गेलं आणि पुढची चाकं जागच्या जागी फिरून जळू लागली. ओढ्या आत बसून स्टेअरिंगवर डोकं आपटत गाडीला शिव्या देत होता. इतक्यात खांब दातासारखा मुळासकट उखडला. छप्पर किंचाळलं. एक पत्रा कोयत्यासारखा आला आणि ओढ्याच्या गाडीचा टप कापून गेला. तो खाली वाकला म्हणून बचावला, टाळूवरचे केस मात्र गेले. ढकल्याने मागे वळून पाहिलंच नाही. खांब, छप्पर, साखळी, साडू, सगळं फरफटत घेऊन तो भर रस्त्याने औषधाच्या दुकानापुढे गेला आणि भिंतीवर आदळून थांबला. स्टेअरिंगच्या चाकाने त्याचा उजवा हात कोपराखाली काटकीसारखा मोडला.

सासूबाई काठी टेकत आल्या. छप्पर पाहिलं, मोडलेला हात पाहिला. "गॅरेज पुढे नेलं खरं," असं म्हणून त्यांनी किल्ली ढकल्याच्या डाव्या हातात कोंबली.

ओढ्याने ढिगाऱ्यातून आपली पेटी उपसली, तोंडातलं रक्त पुसलं आणि निघाला.

ढकल्या गॅरेजच्या जागी परत आला, तर उघड्या आभाळाखाली खड्ड्यावर डॉक्टरीणबाईंची दुरुस्तीला आलेली गाडी पोट उघडून उभी. "माझी गाडी द्या, मला दवाखान्यात जायचंय," बाई ओरडल्या.

"बाई, आधी माझा हात बसवा."

"दवाखान्यात बसवेन. पण जाऊ कशी? तुमच्या हातावर बसून?"

नवा मालक लोंबता हात सांभाळत खड्ड्याकडे बघत राहिला. मग घसा फाटेस्तोवर ओरडला, "साडूभाऊ! तेवढे नट आवळून जा!"

"मालकाने आवळावेत," ओढ्या न वळता म्हणाला.

"मालकाला हात नाही!"

"मग पायाने आवळ."

"साडूभाऊ, जाऊ नका." ढकल्याचा आवाज आत गेला. "मला एकट्याला नाही जमायचं. हात बरा झाला तरी नाही."

ओढ्या थांबला. सावकाश परत आला, पेटी खाली ठेवली, आणि ढकल्याच्या बरोब्बर मोडलेल्या हातावर असा एक ठोसा दिला की त्या किंकाळीने औषधाच्या दुकानातल्या बाटल्या तडकल्या. मग तो खड्ड्यात उतरला.

"बारा नंबरचा पाना दे," खालून आवाज आला. "रडणं नंतर."