नाव घातलेल्या डब्या

भाईंदर पश्चिमेच्या त्या सोसायटीत मनोरमाबाईंचा शब्द चालायचा, आणि तो चालतो याचा त्यांना भारी तोरा होता. दिवाळीत तळमजल्यावरच्या समिधाने गेटपाशी दिव्यांच्या माळांचं टेबल मांडलं, तेव्हा बाईंनी एक खोकं उलटं करून सगळ्यांना दाखवलं. त्यावर ‘मेड इन चायना’ होतं. स्वतःच्या देशाच्या मुळावर उठलीस, असं त्यांनी तिला चारचौघांत सुनावलं. समिधाने मुकाट्याने टेबल आवरलं, ते पुन्हा मांडलं नाही.

मग संक्रांतीचं हळदीकुंकू स्वदेशी नको का व्हायला? वाणाला स्टीलच्या डब्या ठरल्या. स्टेशनपलीकडे, पूर्वेच्या गाळ्यांत अशा डब्या रोज घडतात. बाई तिथे जाऊनही आल्या. पण त्या डब्यांवर काहीच छापलेलं नव्हतं, आणि छापल्याशिवाय बायकांना कळणार कसं? शेवटी त्यांनी होलसेलवाल्याकडून तळाला तिरंगी स्टिकर असलेल्या डब्या घेतल्या. झाकणांवर नावही घालून घेतलं: ‘स्वदेशी वाण, सौ. मनोरमा’. स्टिकरचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर गेला.

संक्रांतीच्या दुपारी त्यांनी हलव्यासाठी एक डबी गरम पाण्यात घातली. स्टिकर सुटून वर तरंगला. खाली पत्र्यातच ठोकलेलं होतं, ‘मेड इन चायना’. बाईंनी दुसरी डबी बुडवली, तिसरी बुडवली. त्यांच्याखालीही तेच. नाव घातलेलं भांडं कुठला दुकानदार परत घेतो? आणि बायका आत्ता येतील. वाणाची डबी न धुता कोण वापरतं? उद्या घरोघरी हेच स्टिकर सुटणार, आणि प्रत्येक झाकणावर नाव त्यांचंच.

त्यांनी डब्या पुसल्या, स्टिकर डिंकाने चिकटवले आणि सगळं ताटात मांडलं. दुसरं काही सुचलंच नाही.

बायका जमल्या. वाण लुटायची वेळ झाली आणि दारात समिधा उभी राहिली. बोलावणं सगळ्यांनाच होतं, पण ती येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. तिला मागे कसं ठेवणार? बाईंनी हाताला आली ती डबी पहिल्यांदा तिच्याच हातात दिली.

तिच्या तळाचा डिंक नेमका ओलाच होता. समिधाच्या बोटाखाली स्टिकर सरकला. तिने डबी थोडी कलती केली, खालची अक्षरं वाचली. आता ही डबी उलटी करून सगळ्यांना दाखवणार, बाईंनी मनाची तयारी केली. समिधाने अंगठ्याने स्टिकर जागच्या जागी दाबून बसवला आणि कुंकवासाठी कपाळ पुढे केलं.

“काकू, हे स्टिकर होलसेलवाला मलाही देत होता,” ती फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं म्हणाली. “माळांच्या खोक्यांवर लाव म्हणाला, कोण बघतंय. मी नाही लावले.”

एवढं बोलून ती डबी घेऊन बायकांत बसायला वळली. म्हणजे बाई सुटल्या होत्या. पण त्या सुटकेचीच त्यांना इतकी लाज वाटली की डोळे भरून आले. त्यांनी तिच्या हातातली डबी परत घेतली, नखाने स्टिकर सोलला आणि डबी उलटी करून सगळ्यांसमोर धरली, दिवाळीत खोकं धरलं होतं तशीच.

“खाली काय आहे ते वाचा,” त्या म्हणाल्या. “आणि वर नाव माझं आहे.”

समिधाने हात पुढे केला आणि आपलं वाण मागून घेतलं.