पाचर कुणी काढली?

दार बंद झाले तर सरांना काय मिळणार होते, ते आधी पाहू. वऱ्हांड्यातल्या लोकांना आतले दिसणार नव्हते. आतले बोलणे आतच राहणार होते. आणि उद्या कुणी काही म्हणालेच, तर एका बाजूला मानाच्या माणसाचा शब्द आणि दुसऱ्या बाजूला एका विद्यार्थिनीचा, असा सामना होणार होता. दार उघडे राहिले तर यातले काहीच हाती लागत नव्हते. आणि दार उघडे राहायचे ते माझ्यामुळे.

मी एक जुनी लाकडी पाचर आहे, मित्रांनो. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला जिभेसारखी पातळ. महाविद्यालयातल्या एका मोडक्या बाकाच्या पायातून सुतारमामांनी मला कापले. त्या पायावर कुणीतरी कर्कटकाने आपले नाव कोरायला घेतले होते. त्यातले दीड अक्षर माझ्या पाठीवर अजून आहे. बाकीचा प्रेमवीर सरपणात गेला.

माझा जन्म झाला तो मोठ्या बाईंच्या हुकुमाने. मोठ्या बाई म्हणजे तेव्हाच्या प्राचार्या. प्राध्यापकांच्या खोल्यांना आपोआप मिटणारी दारे होती. हात सोडला की दार हळूच बंद. बाईंना ते खटकत असे. त्यांनी नियम केला, की विद्यार्थी आत असेपर्यंत दार उघडे राहील, आणि ते अडवायला प्रत्येक दाराला एक पाचर दिली.

"लोक मला दारं नीट लागावीत म्हणून बोलावतात," सुतारमामा म्हणाले होते. "उघडी राहावीत म्हणून तुम्हीच पहिल्या."

"म्हणून तर बाकाचं लाकूड घ्या म्हटलं, मामा. मुलांच्या लाथा खाऊन टिकलेलं आहे."

सुरुवातीला प्राध्यापकांनी नाके मुरडली. "आता दाराखाली पहारेकरी आला," असे एकजण म्हणाले. बाईंनी ऐकले आणि हसून उत्तर दिले, "पहारा तुमच्यासाठीही आहे, सर. उद्या कुणी खोटं बोललं, तर उघडं दार तुमची बाजू सांगेल." मग कुरकुर थांबली. आपला फायदा दिसला की माणसाला नियम पटायला वेळ लागत नाही. बाई वऱ्हांड्यातून जाताना लोकांच्या तोंडाकडे नाही, दारांच्या पायांकडे बघत. मला जागेवर पाहून मान हलवत. एवढे कौतुक मला पुष्कळ होते.

बाई निवृत्त झाल्या. नवे प्राचार्य आले, त्यांना भिंतींच्या रंगात आणि पाहुण्यांच्या स्वागतात रस होता. नियम कुणी मोडला नाही, फक्त कुणी विचारेनासे झाले. माझी एक बहीण उपाहारगृहातल्या लंगड्या टेबलाखाली गेली, एकीने ग्रंथालयाची खिडकी धरली. मी तेवढी जागेवर राहिले, कारण आमच्या मजल्यावरच्या सफाईवाल्या मावशी रोज फरशी पुसून झाली की सवयीने मला दाराखाली सरकवत.

माझी खोली वनस्पतिशास्त्राच्या प्रमुखांची होती. मुले त्यांना अत्तरवाले सर म्हणत, कारण सरांच्या आधी त्यांचा वास वर्गात शिरायचा. माणूस मोठा गोड. कुणाच्या आईचे ऑपरेशन कधी झाले, कुणाचा भाऊ नोकरीला लागला, सगळे ध्यानात ठेवत. एकच गोष्ट मला विचित्र वाटे. सर मला कधी हात लावत नसत. एखादी विद्यार्थिनी आली की म्हणत, "बाहेर काय कालवा आहे बघ. ती पाचर काढ बरं जरा." ती वाकून मला काढी आणि दार मिटे. मला वाटायचे, बिचाऱ्यांची कंबर दुखत असेल. त्या कंबरेत किती दूरचा विचार होता, ते पुढे कळले.

मग ती आली. ती तळ्यातल्या शेवाळावर संशोधन करत होती, म्हणून मैत्रिणी तिला शेवाळबाई म्हणत. मजल्यावर हवा तसा सौम्य उजेड फक्त सरांच्या खिडकीत यायचा. त्यामुळे तिच्या काचेच्या बाटल्या त्या खिडकीत मांडलेल्या होत्या, आणि त्यांचे पाणी बदलायला तिला त्याच खोलीत यावे लागे. कित्येक वर्षांची मेहनत त्या हिरव्या पाण्यात होती. तिला पदवी हवी होती, आणि पदवीच्या प्रबंधावर सही लागत होती ती सरांची. तिचे सगळे काही त्या एका खोलीत होते.

एका दुपारी सर म्हणाले, "पाचर काढ बरं जरा." तिने मला काढून बाहेर भिंतीशी ठेवले आणि दार मिटले.

मित्रांनो, आत जे झाले ते तिने पुढे जेवढे सांगितले तेवढेच मी सांगते. सर तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. त्यांनी तिच्या खांद्यांवर हात ठेवले. ती उठू लागली तर उठू दिले नाही. आणि सगळा वेळ, अगदी गोड आवाजात, ते सहीबद्दल बोलत होते. शेवटी ती त्यांचे हात झटकून बाहेर पळाली. दार तिच्यामागे आपोआप, हळूच मिटले.

बाहेर तिची मैत्रीण उभी होती.

"अगं, अशी पांढरीफटक का पडलीस?"

"काही नाही."

"काही नाही असं दिसतं होय? आत काय झालं ते सांग."

बराच वेळ रडण्याचा आवाज आला. मग मैत्रीण म्हणाली, "चल. आत्ताच्या आत्ता तक्रार करायची."

"आणि सही?"

"सहीचं मग बघू गं. आधी तू माझ्याबरोबर चल."

तिने तक्रार केली. समिती बसली. आणि आयुष्यात पहिल्यांदा मला टेबलावर बसायचा मान मिळाला, पुरावा म्हणून. टेबलाच्या एका टोकाला अध्यक्ष, म्हणजे नवे प्राचार्य. शेजारी बाहेरून बोलावलेल्या एक वकीलबाई आणि आमच्याच महाविद्यालयातले एक वयस्कर प्राध्यापक. अलीकडे ती. आणि तिच्या बरोबर समोर, हात पोहोचेल इतक्या अंतरावर, अत्तरवाले सर.

"या दोघांना समोरासमोर का बसवलंय?" वकीलबाईंनी विचारले.

"दुसरी खोली रिकामी नव्हती," अध्यक्ष म्हणाले. "रंगकाम चालू आहे."

ती बोलू लागली की अत्तराचा वास यायचा आणि तिचे वाक्य अर्ध्यात तुटायचे. सर मात्र सावकाश बोलले. "लेकीसारखी आहे मला. माझी एकच विनंती आहे. दाराची पाचर कुणी काढली, तेवढं तिला विचारा."

अध्यक्षांनी मला उचलून तिच्यासमोर धरले. "ही तू काढलीस?"

"हो, पण सर म्हणाले म्हणून—"

"तूच काढलीस ना? तेवढंच सांग."

"हो."

खोलीतले सगळे माझ्याकडे बघू लागले. मला तोंड असते तर!

"कुणाच्या सांगण्यावरून काढली, हे विचारायला नको?" वकीलबाई म्हणाल्या.

"त्याला साक्षीदार लागतो, मॅडम," अध्यक्ष म्हणाले.

मग मावशींना बोलावले. मावशींनी ते वाक्य वर्षानुवर्षे ऐकले होते. वऱ्हांडा पुसणाऱ्या माणसाला काय ऐकू येत नाही? पण त्यांचा मुलगा नुकताच कार्यालयात तात्पुरत्या कामावर लागला होता, आणि त्याला कायम करण्याच्या कागदावर याच अध्यक्षांची सही व्हायची होती. मावशी पदराचे टोक पिळत म्हणाल्या, "मी फरशी पुसते, साहेब. बोलणं ऐकायला सवड कुठाय मला?"

चौकशी महिनोन्‌महिने चालली. तेवढ्या काळात तिच्या सुरक्षिततेसाठी म्हणून एक काळजीपूर्वक निर्णय झाला, की तिने सरांच्या खोलीत पाऊल टाकायचे नाही. सरांनी खोली सोडावी, हे कुणाला सुचले नाही. त्यांचे सामान फार होते. बाटल्या खिडकीतच राहिल्या. हलवल्या तर पुरावा बिघडेल, असे कार्यालय म्हणाले. मला पुन्हा दाराखाली ठेवले होते. तिथून मला खिडकी दिसे. हिरवे पाणी आधी पिवळे झाले, मग तपकिरी, मग त्यावर साय धरली. एकदा तिची मैत्रीण दारात येऊन म्हणाली, "सर, निदान पाणी तरी बदलू द्या." सर हसून म्हणाले, "नियम आहे बाळ. मी तरी काय करणार?"

निकाल लागला. वकीलबाईंनी आपले वेगळे मत लिहून दिले; ते जोडले गेले आणि विसरले गेले. एकाविरुद्ध दोन अशा मतांनी सरांना समज देण्यात आली, आणि तिला मार्गदर्शक बदलण्याची मुभा. नव्या मार्गदर्शकांनी नवा विषय घ्यायला सांगितला. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. ती आली नाही. तिचे सामान न्यायला तिचे वडील आले. शिंपीकाम करणारे, शांत गृहस्थ. त्यांनी एक बाटली उजेडात धरून पाहिली.

"हे टाकून द्यायचं का हो, मावशी?"

मावशींच्या हातातले फडके खाली पडले. "भाऊ, मला सगळं ऐकू यायचं हो. पोरींना सरच सांगायचे पाचर काढायला. मी बोलले नाही."

वडिलांनी ते फडके उचलून त्यांच्या हातात दिले. मग म्हणाले, "तुम्हाला काय बोलू? ती घरी आली तेव्हा आम्हीसुद्धा पहिलं हेच विचारलं. दार का लागू दिलंस म्हणून. त्या दिवसापासून ती आमच्याशी धड बोलत नाही."

त्यांनी बाटल्या फेकल्या नाहीत. सगळ्या पिशवीत भरून नेल्या.

आता खोल्यांना काचेची दारे बसली आहेत, आणि प्रत्येक काचेवर छळ-प्रतिबंधाचे नियम छापलेला एवढा मोठा कागद डकवला आहे, की आतले काही दिसत नाही. मी भांडारखोलीत, फुटक्या कुंड्यांच्या शेजारी आहे.

मित्रांनो, मला तेलपाणी करा, असे मी म्हणणार नाही. दाराखाली पाचर ठेवून कुणी सुरक्षित होत नाही. ती जागेवर नाही, हे बघून आत डोकावणारे माणूस लागते. आणि कुणी थरथरत येऊन तुम्हाला काही सांगितले, तर तिने काय केले ते आधी विचारू नका. तिला बसवा, पाणी द्या, तिचे वाक्य पुरे होऊ द्या. तिला दूर करू नका. ज्याचे नाव तिने घेतले, त्याला दूर करा. तिच्या कामाचे पाणी बदलत राहील, एवढे बघा.

राहता राहिला जमाखर्च. सरांना एक समजपत्र मिळाले, ते त्यांनी खणात ठेवले. अध्यक्षांनी महाविद्यालयाचे नाव राखले. मावशींचा मुलगा कायम झाला. मावशी आता वऱ्हांडा पुसताना कुणाच्या नजरेला नजर देत नाहीत. वडील आपल्या त्या एका प्रश्नाची किंमत भरताहेत, घरातल्या घरात, रोज थोडी. बाकी सगळे एकटीने भरले, आणि तिने तर कुणाचे काही घेतलेच नव्हते.