सासऱ्याच्या नावाचा फोन

शामकला कटरेचा कॉम्प्युटरवर हात बसला होता, यात आता कोणालाच शंका उरली नव्हती. पहिल्या आठवड्यात माउस टेबलाखाली पडेपर्यंत सरकवत नेणारी बाई ती. पण आता मान वर न करता मराठी टाइप करायची. शेजारी बसणारी सुशीलाबाई म्हणायची, "बाप्पा! हिची बोटं तं धानाची रोवणी करून राहिली."

देवरीतला तो वर्ग सरकारी पेन्शनवर असलेल्या मोठ्या माणसांचा होता. कोणी विधवा, कोणी अपंग, कोणी निराधार. जे पास होतील त्यांना तिथल्याच मदत केंद्रात नोकरी मिळणार होती. लोकांचे फोन घ्यायचे, कोणाची पेन्शन अडली, कोणाचं आधार जुळलं नाही, ते ऐकून तक्रार नोंदवायची. शामकलाला ती नोकरी हवी होती, म्हणजे हवीच होती. नवरा खेमराज गेल्यापासून दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत राबून आणि पेन्शनची वाट पाहून ती कंटाळली होती. "मले आता कोनी देल्लं नाही पाहिजे, मले कमवाचं आहे," असं तिनं सासऱ्याला तोंडावर सांगितलं होतं. त्यावर सासरा म्हणाला होता, "मंग जा ना! मी का दोरीनं बांधून ठेवलो तुले?"

हा सासरा म्हणजे एक वल्लीच. सत्तरी उलटलेली, कानानं जरा जड, जिभेनं मुळीच नाही. परीक्षेला सुनेला एकटीला कसं धाडायचं म्हणून तोही एसटीनं सोबत आला आणि बाहेर व्हरांड्यात डबा मांडीवर घेऊन बसला.

त्याचं नाव भोजराज. हे तुम्हाला गावात कोणीही सांगेल, शामकला मात्र सांगणार नाही. राजा भोजाला पूर्वज मानणाऱ्या पवार समाजातली सून ती. नवऱ्याचं आणि सासऱ्याचं नाव बाईच्या तोंडून निघालं की त्यांचं आयुष्य घटतं, हे सासू अनुसयाबाईनं तिला उंबरठ्यातच बजावलं होतं. धारच्या त्या राजा भोजाच्या जयंतीच्या मिरवणुकीत अख्खा गाव घसा फाडून घोषणा द्यायचा, तेव्हा ही फक्त शेवटचं 'जय' तेवढं म्हणायची. सरकारी खिडकीवर नवऱ्याचं नाव विचारलं तर कागदावर लिहून पुढं करायची. लिहायला बंदी नव्हती, बोलायला होती. आजच्या काळात असं कुठं असतं, म्हणाल? असतं बाबा. हातात मोबाइल आला म्हणून जीभ लगेच सुटत नाही.

परीक्षा घ्यायला गोंदियाहून चंद्रकुमार सर आले होते. ते शेजारच्या खोलीतून तक्रारदार बनून फोन करणार, नाव-गाव सांगणार. शिकणाऱ्यानं ते टाइप करायचं आणि शेवटी नाव मोठ्यानं वाचून 'बरोबर आहे का?' असं विचारायचं. शिकवणाऱ्या रेणू मॅडमनी हे सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं. नाव वाचून दाखवल्याशिवाय पुढचं बटण दाबायचं नाही, नाहीतर एकाची तक्रार दुसऱ्याच्या नावावर चढते.

शामकलाचा फोन वाजला. तिनं ऐटीत कानाला लावला.

"भोजराज तुरकर बोलतो," तिकडून सरांचा आवाज आला. "पेन्शन आली नाही माझी."

तिच्या बोटांनी नाव झर्रकन लिहिलं, गाव लिहिलं, तक्रार लिहिली. जीभ मात्र टाळूला चिकटली.

"नाव काय लिहिलंत, मॅडम?"

"तुमी सांगतलं तेच."

"तेच म्हणजे कोणतं?"

"जे तुमचं आहे ते."

"अहो, पण ते कोणतं?"

शामकलानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "धारच्या राजाचं नाव नाही का, ते!"

"कौनसा राजा?" सर गडबडून हिंदीवर आले. "बाईजी, नाम बोलिये, नाम!"

"तुरकर," शामकला कशीबशी म्हणाली. "आडनाव तुरकर."

फोन कट झाला आणि सरच खोलीतून बाहेर आले. "टायपिंग एकदम फर्स्ट क्लास, आणि नाव वाचता येत नाही?"

"वाचता येते, घेता येत नाही!" सुशीलाबाईनं तोंड घातलं. "तिच्या सासऱ्याचं नाव आहे ते, साहेब. थो काय, बाहेर बसून राहिला!"

सगळा वर्ग खो खो हसला. रेणू मॅडम म्हणाल्या, "सर, दुसरं नाव देऊ या ना हिला."

सर काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी डोकं खाजवलं. "आज बदलू, मॅडम. पण उद्या खराच कोणी भोजराज फोन करेल तेव्हा? आपल्या जिल्ह्यात दगड भिरकावला तर कुठल्यातरी भोजराजलाच लागेल. त्यानं काय करायचं?"

शामकलाला राग यायला हवा होता, पण सर खरं बोलत होते, म्हणूनच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. अडलेल्या पेन्शनसाठी ती स्वतः खिडक्यांवर ताटकळली होती. सरांनी तिला जेवणानंतर आणखी एक संधी दिली.

ती व्हरांड्यात आली.

"झाली का पास?" सासऱ्यानं विचारलं.

"नाही, मामाजी."

"काऊन?"

"तुमच्यानं."

"माह्यानं? मी का केलो वो? मी तं अथीच बसून राहिलो!"

आता याला सांगायचं तरी कसं? शेवटी मागून आलेल्या सुशीलाबाईनंच सगळं सांगितलं, तेही त्याला ऐकू जावं म्हणून इतक्या मोठ्यानं, की रस्त्यापलीकडच्या चहावाल्यालाही कळलं.

भोजराज हसेल असं वाटलं होतं, पण तो हसला नाही. डब्याचं झाकण उगाच लावत बसला.

"तुह्या सासूबाईनं जलमभर माहं नाव घेतलं नाही," तो म्हणाला. "मी जगलो पाहिजे म्हनून. अन् गेली कोन? तीच गेली. तू खेम्याचं नाव घेतलं नाही. थो वाचला का?"

शामकलाला रडू फुटलं. "मामाजी, आता तुमीच तं आहा मले. तुमाले काही झालं तं?"

"माहं नाव वरतं कवाचंच लिहून ठेवलं असन. तू घेतल्यानं का वापस लिहिनार हायेत?" म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठला. "चाल. कोठी आहे तुहा थो सर?"

तो सरळ आत गेला आणि चंद्रकुमार सरांपुढं उभा राहिला. "फोन मले द्या. भोजराज मी आहो. तुमी खोटे भोजराज कायले होता?"

सरांनी रेणू मॅडमकडं पाहिलं, मॅडमनी मान हलवली, आणि सरांनी फोन देऊन टाकला.

शामकला जागेवर बसली. फोन वाजला.

"नमस्कार, मदत केंद्रातून शामकला बोलते. काय मदत करू?"

"पेन्शन नाही आली!" म्हातारा ओरडला. फोन नसता तरी भिंतीतून ऐकू आलं असतं.

"आपलं नाव?"

"भोजराज झनकलाल कटरे!"

तिनं लिहिलं. गाव लिहिलं, तक्रार लिहिली. मग पडद्यावरच्या त्या नावाकडं बघत राहिली. शेजारच्या खोलीत म्हातारा फोन कानाला घट्ट धरून थांबला होता.

शामकलानं डोक्यावरचा पदर सारखा केला, श्वास घेतला आणि म्हणाली, "भोजराज झनकलाल कटरे. बरोबर आहे का?"

सुशीलाबाईनं तोंडावर हात ठेवला. दारात उभ्या सरांनी कागदावर खूण केली. पण शामकलाचं लक्ष तिकडं नव्हतं. तिचा सगळा जीव कानात आला होता, आणि पलीकडून फक्त म्हाताऱ्याचा श्वास ऐकू येत होता.

मग त्यानं घसा खाकरला.

"बरोबर आहे, मॅडम," भोजराज म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो सुनेशी इतक्या हळू आवाजात बोलत होता. "आता तेवढं माहं काम करून द्या."