स्नेहानंदांचं मज्जातूप

बंगळूरच्या जे. पी. नगरातल्या कल्याण मंटपाबाहेर, म्हणजे मंगल कार्यालयाबाहेर, रविवारी सकाळी चपलांचा खच पडला होता, आणि त्यात महागडे बूटच जास्त होते. आत निम्मे तरी संगणक अभियंते असावेत. आठवडाभर दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधणारी ही मंडळी व्यासपीठाकडे मात्र हात जोडून पाहत होती.

व्यासपीठावर नाडीगुरू स्नेहानंद स्वामी होते. मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही सारख्याच गोडीने बोलणारे.

"मेंदू म्हणजे सर्व्हर, नसा म्हणजे केबल," स्वामी सांगत होते. "केबलवरचं वेष्टण गेलं की सिग्नल गळतो. तुमच्या नसांवरही चरबीचं वेष्टण आहे. ताणतणावाने ते विरघळतं. डॉक्टर कसं भरून देणार? त्यांच्याकडे स्नेह कुठे आहे?"

स्नेह म्हणजे माया आणि स्नेह म्हणजे तूपही. हा विनोद ते प्रत्येक सत्संगात करत, आणि प्रत्येक वेळी टाळ्या पडत.

मग त्यांनी पांढुरक्या पाण्याचा पेला उंच धरला. "ही तुमची विरघळलेली मज्जा, नसांवरचं वेष्टण." डोळे मिटून मंत्र पुटपुटले आणि चांदीच्या झारीतून चार थेंब सोडले. बघता बघता पांढरे पुंजके जमले, तळाशी बसले, वरचं पाणी जवळजवळ नितळ झालं. "जुळली," स्वामी हळूच म्हणाले. सभागृहभर सुस्कारा पसरला. रोज सकाळी त्यांच्याकडचं चमचाभर मज्जातूप घेतलं की हेच शरीरात होतं, असं त्यांचं म्हणणं.

पहिल्या रांगेत आसावरी बसली होती. मज्जातुपाने बरी झाल्याची साक्ष ती आज देणार होती. ही नागपूरची मुलगी राजाजीनगरात राहायची आणि एका कंपनीत टेस्टिंगचं काम करायची. उन्हाळ्यात तिचा उजवा पाय अचानक उचलेनासा झाला. निदान झालं मल्टिपल स्क्लेरोसिस, नसांवरच्या वेष्टणाचा आजार. आता ती नीट चालत होती, आणि म्हणून तिने डॉक्टरांनी दिलेली इंजेक्शनं बंद केली होती.

हे तिच्या वरच्या मजल्यावरच्या धनलक्ष्मीला आदल्याच संध्याकाळी कळलं. धनलक्ष्मी निपाणीची. बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत ती नसांवरच्या याच वेष्टणाचा, मायलिनचा, अभ्यास करते. विरजण मागायला म्हणून खाली आली, तर फ्रिजमध्ये इंजेक्शनांचे खोके न फोडलेले.

"पाय सुधारला म्हणजे रोग गेला असं नव्हे गं," ती म्हणाली होती. "पुढचा झटका डोळ्यांवर आला तर?"

"अक्का, तू माणसाची आशासुद्धा परीक्षानळीत घालशील," आसावरी चिडून म्हणाली होती.

"बरं. उद्या मी पण येते की तुझ्याबरोबर."

आणि ती आली होती. पेल्यातला चमत्कार बघताच ती उठून मागच्या स्वयंपाकघरात गेली. आचाऱ्याला म्हणाली, "अण्णा, स्वल्प कोमट पाणी द्या, त्यात दोन चमचे दूध. आणि एक लिंबू." पेला घेऊन ती थेट व्यासपीठाशी आली.

"स्वामीजी, मी करून बघू का? मला मंत्र येत नाही. पाढा चालेल?"

स्वामी हसले. "ताई, विज्ञान जिथे संपतं तिथे आम्ही सुरू होतो."

"मग ते कुठे संपतं ते बघूया."

तिने लिंबू पिळलं आणि खणखणीत आवाजात आठाचा पाढा म्हटला. आठ पंचे चाळीसपर्यंत पुंजके जमू लागले होते.

"दुधातल्या प्रथिनाच्या कणांवर ऋण भार असतो," ती लोकांकडे वळून म्हणाली. "ते एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून तरंगत राहतात. आंबट पडलं की तो भार जातो आणि कण चिकटतात. घरी दूध नासतं तेव्हा आपण मंत्र म्हणत नाही. झारीत पण असलंच काहीतरी आंबट असणार. वास घेऊन बघा."

कुणीतरी हसलं. पण स्वामी कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "गंमत छान होती. पण ही मुलगी चालते, ते पण लिंबूच का?" त्यांनी माइक आसावरीच्या हातात दिला.

आसावरी उभी राहिली.

"माझा पाय उचलत नव्हता," ती म्हणाली. "हॉस्पिटलमध्ये सलाइनमधून स्टेरॉइड दिलं. मग मी भाच्याच्या मुंजीला नागपूरला गेले. तिथे जिना चढून गच्चीवर गेले, एकटी." मग ती वळली. शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे बघत तिने विचारलं, "वेदांत, तूप तू कधी आणलंस?"

वेदांत खाली मान घालून म्हणाला, "तू परत आल्यावर."

"म्हणजे पाय आधी सुधारला. तूप नंतर आलं." माइक तिने सोडला नाही. "हॉस्पिटलने सांगितलं, आजार राहणार. स्वामींनी सांगितलं, जाणार. मला स्वामींचंच ऐकायचं होतं."

धनलक्ष्मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"स्वामींचं अर्धं खरं आहे," ती म्हणाली. "वेष्टण चरबीचंच आहे. नसेभोवती थरावर थर गुंडाळलेले असतात. त्या थरांच्या आतल्या बाजूवर ऋण भार असतो. मध्ये धन भाराचं एक प्रथिन बसतं आणि दोन थर घट्ट धरून ठेवतं. हे सगळं नसेजवळच्या पेशी तिथल्या तिथेच तयार करतात. खाल्लेलं तूप पोटात पचतं, ते नसेभोवती जाऊन गुंडाळलं जात नाही. आणि या आजारात शरीराचीच संरक्षण यंत्रणा त्या वेष्टणावर तुटून पडते. झटका येतो, बऱ्याचदा ओसरतो. बाबा लोक त्या ओसरण्याची वाट बघत बसतात आणि मग श्रेय घेतात."

स्वामींना तेवढ्यात देवनहळ्ळीच्या दुसऱ्या कार्यक्रमाची आठवण झाली आणि ते निघाले. काही लोक उठले. काहींनी जाता जाता तुपाची बाटली तरीही घेतली. न जाणो, उपयोग झाला तर.

बाहेर आल्यावर आसावरीने विचारलं, "अक्का, मग बरं करणारं औषध कोणतं?"

"पुरतं बरं करणारं अजून नाही," धनलक्ष्मी म्हणाली. "झटके कमी करणारं आहे. ते तू बंद केलंस."

आसावरीने तिथेच, पायरीवर उभ्या उभ्या, डॉक्टरांना फोन लावला.

खरं सांगणारा माणूस कधीकधी कमी देतो, कारण त्याच्याकडे असतं तेवढंच तो देतो. म्हणून कुणी चमत्काराने बरं झाल्याचं सांगितलं, तर नमस्कार करण्याआधी एवढंच विचारा: आधी काय झालं, आणि नंतर काय? आणि उत्तर मिळेपर्यंत चालू असलेलं औषध बंद करू नका.